तिसऱ्यान रडतंय

"गानी बंद कर," आई म्हणाली.

पहाटेचे सव्वातीन झाले असतील. चिंबईची गल्ली मागे पडली होती, सेंट अँड्र्यूजच्या आवारातले क्रूस अंधारात उभे होते आणि हिल रोडवर दोन कुत्र्यांखेरीज कोणी नव्हतं. मागच्या हौद्यात रिकामे क्रेट एकमेकांवर आपटत होते. मी गाणं बंद केलं. आईनं कानावरचा पदर मागे सारला आणि मान थोडी खाली झुकवली, पायाशी बसून कोणी हळू आवाजात काही सांगतंय आणि ते नीट ऐकायचंय, तशी.

"तिसऱ्यान रडतंय," ती म्हणाली.

"रस्ता खराब आहे गं."

"रस्ता चवथ्यान पन तोच हाय."

यावर मला बोलता आलं नाही. मी चौथा टाकला. गाडी एकदम सैलावल्यासारखी झाली. आवाज नव्हता. पुन्हा तिसरा टाकला, आणि या वेळी मलाही ऐकू आलं. खालून, गिअरच्या दांड्याच्या मुळाशी, दळणाच्या जात्यासारखी एक जाड, सलग घरघर. ती नवी नव्हती, हे मला त्याच क्षणी कळलं. दोन महिने मी गाण्याचा आवाज रोज थोडाथोडा वाढवत होतो आणि का वाढवतोय ते स्वतःला विचारत नव्हतो.

माहीमच्या कॉजवेवर पोचेपर्यंत आई काही बोलली नाही. हा कॉजवे १८४५ साली खुला झाला. लेडी जमशेटजींनी त्यासाठी पैसा दिला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घेऊ नये अशी अट घातली, असं आमच्याकडे सगळे सांगतात. २००९ मध्ये सी लिंक झाला तरी म्हावऱ्याच्या गाड्या अजून याच जुन्या वाटेनं जातात. रोजचा टोल परवडत नाही आणि लेडी जमशेटजींची मेहेरबानी अजून चालू आहे. त्या पहाटे कॉजवेवर मी पाचवा टाकला तेव्हा घरघर बारीक होऊन परत आली. "पाचव्यान पन," आई म्हणाली. तिनं बोटावर मोजल्यासारखं केलं. पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा. चौथा तेवढा सुटला.

हा हिशेब पुढे किती कामाला येणार होता हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मराठीत आवाजाला शब्दांची ददात नाही. खडखड वेगळी, खरखर वेगळी. करकर म्हणजे जिथे दोन कोरडी टोकं एकमेकांवर घासतात ती, नव्या वहाणेची किंवा जुन्या झोपाळ्याच्या कडीची. कुरकुर त्याहून हळू, तक्रारीची. किरकिर पट्ट्याची किंवा रातकिड्याची. गुरगुर म्हणजे दाबून धरलेला राग. भणभण वाऱ्याची, फटीतून येणारी. आणि घरघर, हा शब्द आपण जात्याला लावतो, मांजराला लावतो आणि शेवटच्या श्वासालाही लावतो. गोल फिरणारं काहीतरी आतून खडबडीत झालं की घरघर लागते. गॅरेजातली माणसं हे शब्द फार काटेकोरपणे वापरतात. खडखड सांगितलीत तर ते सुटलेला बोल्ट शोधतील, करकर सांगितलीत तर पाट्यांकडे आणि बुशांकडे बघतील, घरघर म्हटलं की त्यांचा हात सरळ बेअरिंगकडे जातो. गिअर पडताना कर्रकन वाजला तर ते म्हणतात, गाडी दात खाते. आणि ते खरंच असतं. आत दातेच असतात, आणि ते एकमेकांना खातात.

आईचा शब्द यातला कुठलाच नव्हता. ती म्हणाली, रडतंय. पहिल्यांदा मला ते नुसतं बाईमाणसाचं बोलणं वाटलं. तसं वाटलं याची मला आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी हायवेलगतच्या एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथला माणूस वाकलाही नाही. म्हणाला, नव्वद नंबर ऑईल काढ, एकशेचाळीस टाक. जाड तेल आहे, आवाज दबेल. विकायची असेल तर सांग, दुसराही उपाय आहे. तो दुसरा उपाय मला ऐकून माहीत होता. जुन्या गाड्यांच्या बाजारात गिअरबॉक्समध्ये लाकडाचा बारीक भुसा घालायची युक्ती फार जुनी आहे. भुसा तेलात भिजून लगदा होतो, दात्यांमधली फट भरून निघते आणि घेणाऱ्याला गाडी मुकी वाटते. महिना-दोन महिन्यांत तोच लगदा तेलाच्या वाटा बुजवतो आणि मग जे व्हायचं ते दुप्पट होतं. एकशेचाळीस नंबरात तेवढी लबाडी नाही, पण जात तीच. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई कोलंबी सोलत होती.

"म्हावऱ्याला वास आला," ती म्हणाली, "तर वर बर्फ टाकून इकशील काय?"

मी मे महिना तसाच काढला. गाणी न लावता. तिसरा शक्यतो टाळत, चौथ्यावर गाडी ओढत, आणि आईच्या चेहऱ्याकडे न बघता. मग १ जून आला.

जून-जुलैची मासेमारीबंदी म्हणजे कोळीवाड्याचा दुरुस्तीचा ऋतू. होड्या वाळूवर ओढून घेतात, तळ खरवडतात, जाळी विणायला बसतात. मासळीच्या धक्क्यावर माल नाही, म्हणजे आमच्या पिकअपलाही काम नाही. वर्षात गाडी सलग खोलून ठेवता येते ती याच दिवसांत. मी ती खेरवाडीला चाचांच्या गॅरेजात नेली. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांचं मराठी कोकणच्या मातीचं, आणि कान त्यांच्या बोलण्याहून तल्लख. आई बरोबर आली होती. खरं तर तिला यायची गरज नव्हती, पण ती आली.

चाचांनी आधी काहीच उघडलं नाही. गाडी चालू ठेवायला सांगितली, न्यूट्रलमध्ये. एक हातभर लांब पेचकस घेतला, त्याचं टोक गिअरबॉक्सच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर पाठीवर नळी फिरवतात तसा तो पेचकस त्यांनी पुढून मागे नेला, खालून वर आणला. मग मला म्हणाले, क्लच दाब. मी दाबला. घरघर थांबली. सोड. सुरू झाली. पुन्हा दाब. थांबली.

"क्लच दाबल्यावर आवाज वाढला असता तर रिलीज बेअरिंग," ते म्हणाले. "स्वस्तात सुटलं असतं. हा दाबल्यावर थांबतो. म्हणजे इंजिनानं आत जे फिरवलंय त्यातलं काहीतरी. कुठल्या गिअरला जास्त?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. तिसऱ्यान रडतंय, चवथ्यान गप, पाचव्यान बारीक. चढावर जास्त, उतारावर पाय काढला की कमी. चाचांनी पेचकस कानापासून काढला आणि तिच्याकडे बघितलं.

"ताई, अर्धं काम तुम्हीच केलंत."

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं, मला नाही. गिअरबॉक्समध्ये वर-खाली दोन ओळी असतात. वरच्या ओळीत पुढून इंजिनाचा शाफ्ट येतो आणि मागून चाकांकडे जाणारा मेनशाफ्ट निघतो, दोघे एका रेषेत, पण एकमेकांना जोडलेले नसतात. खाली लेशाफ्ट. ताकद वरून खाली लेशाफ्टवर उतरते आणि खालून पुन्हा वर मेनशाफ्टवर चढते. पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा, सगळे याच फेऱ्यानं. फक्त चौथ्यात वरचे दोन शाफ्ट एकमेकांना थेट धरतात. ताकद सरळ जाते. लेशाफ्ट तेव्हाही फिरतो, पण नुसता, ओझं न घेता. म्हणून चौथा गप आणि बाकी सगळे बोलतात. ओझं घेतल्यावर रडतो तो खालचा शाफ्ट, आणि तोही कुठे, तर जिथे तो टेकलाय त्या बेअरिंगवर.

मी सोळाव्या वर्षापासून गाड्या चालवतो. चौथा गिअर इतरांपेक्षा वेगळा का, हे मला त्या दिवशी कळलं.

गिअरबॉक्स उतरवणं हे धीराचं काम आहे. आमच्या गाडीत अधिकच, कारण तिच्या अंगाखालचा प्रत्येक बोल्ट खाऱ्या पाण्यानं धरलेला. म्हावऱ्याच्या गाडीतून बर्फाचं पाणी रात्रंदिवस ठिबकतं, आणि धक्क्यावरची जमीन कधी सुकत नाही. चाचांच्या पोऱ्यानं आदल्या रात्रीच बोल्टांवर रॉकेल आणि तेल सोडून ठेवलं होतं. सकाळी आधी बॅटरीची तार काढली. मग मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट. तो सोडण्याआधी दोन्ही तबकड्यांवर छिन्नीनं एक बारीक रेघ मारली, परत लावताना रेघेला रेघ जुळावी म्हणून, नाहीतर तोल जातो आणि एक आवाज घालवताना दुसरा घरात येतो. केबिनमधून गिअरचा दांडा काढला. खालचा आडवा पाट सोडला. गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा असतो, वाकडा नाही, क्लचप्लेटच्या खाचांतून शाफ्ट अलगद बाहेर येईल असा. तिघं त्याच्याखाली होतो. कोणी बोलत नव्हतं.

पण त्याआधी तेल काढलं होतं, आणि सांगायचं ते त्या तेलाबद्दलच आहे.

खालचा बोल्ट फिरवल्यावर तेलाच्या आधी दोन घोट पाणी आलं. मग तेल आलं ते काळं नव्हतं; पातळ दुधाच्या चहासारखं, गढूळ. चाचांनी बोटावर घेऊन उन्हाकडे धरलं. त्यात सोनेरी चमक होती, बांगड्याच्या पाठीवर पाणी असताना दिसते तशी. "ही पितळ," ते म्हणाले, "सिंक्रो रिंगची. थोडी झिजायचीच." आणि बोल्टाच्या टोकाला असलेल्या चुंबकावर काळी लव चढली होती, बोटानं पुसल्यावर मऊ लागावी पण चिमटीत दाबली की टोचावी अशी. ती पोलादाची. पितळ चुंबकाला चिकटत नाही, पोलाद चिकटतं. तेलात काय तरंगतंय आणि चुंबकावर काय बसलंय एवढ्यावरून, पेटी न उघडता, आत कोण झिजतंय ते सांगता येतं.

पण पाणी? गाडी कधी पाण्यात बुडाली नव्हती. चाचांना २००५ सालच्या २६ जुलैनंतरचे दिवस आठवले. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी उलटली, कलानगरच्या नाक्यावर पाणी भरलं. नंतरचे कित्येक आठवडे त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या गिअरबॉक्समधून असाच चहा निघत होता. पण आमची गाडी तेव्हा नव्हतीच.

उत्तर सापडलं ते नखाएवढ्या एका टोपीत. गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक छोटी झाकणी असते, ब्रीदर. पेटीचं नाकच म्हणा ना. चालून चालून गिअरबॉक्स तापतो, आतली हवा फुगते आणि या नाकातून बाहेर पडते. थंड झाला की तेवढीच हवा आत घेतो. आमच्या गाडीचं नाक बंद होतं. चिखल, मीठ आणि खवले यांचा दगडासारखा घट्ट बूच त्यात बसला होता. चाचांनी सुईनं टोकरून तो कागदावर काढला. खवले अजून ओळखू येत होते.

मग सगळं एका ओळीत आलं. चिंबईपासून धक्क्यापर्यंत गाडी तापत जायची. नाक बंद, म्हणून आतली हवा मागच्या सीलला ढकलून वाट काढायची आणि बरोबर थोडं तेल न्यायची. धक्क्यावर गाडी उभी राहिली की क्रेट चढायचे, बर्फाचं गार पाणी त्या तापलेल्या पेटीच्या शेपटावर पडायचं. पेटी झटकन निवायची, हवा आकसायची, आणि नाक बंद असल्यामुळे ती त्याच सीलमधून श्वास ओढायची. श्वासाबरोबर पाणी. रोज चार थेंब. पाणी तेलाहून जड, ते तळाला जाऊन बसायचं. तळाला कोण, तर लेशाफ्ट. गाडी उभी असताना त्याचं बेअरिंग मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसायचं.

ते बेअरिंग मी अजून ठेवलंय. पुलर लावून काढलं तेव्हा पोऱ्यानं रॉकेलमध्ये धुऊन माझ्या तळव्यावर ठेवलं. बाहेरून चांगलं दिसत होतं. बोटानं फिरवलं तर एका जागी अडखळायचं, पुढे सरकायचं, पुन्हा तिथेच अडखळायचं. आतल्या कड्यावर, जिथे गोळ्या धावतात त्या आरशासारख्या वाटेवर, देवीच्या वणांसारखे खड्डे पडले होते. सहा-सात. सगळ्यात मोठा मोहरीएवढा. प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक गोळी या खड्ड्यांत पडत होती आणि बाहेर येत होती, सेकंदाला शेकडो वेळा, आणि त्या सगळ्या पडण्या-उठण्याची मिळून ती घरघर होती. मी ते आईला दिलं. तिनं अंगठा आतून फिरवला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

चाचांनी सुटे भाग काढले त्याच क्रमानं आमच्याच एका क्रेटमध्ये मांडले होते. दातेरी चक्रं जवळून बघितली की कळतं, त्यांचे दाते सरळ नसतात, तिरके कापलेले असतात. सरळ दाते एकमेकांवर अख्ख्या रुंदीनं एकदम आदळतात. तिरके दाते एका टोकानं स्पर्श करतात आणि मग हळूहळू पूर्ण भिडतात. पहिला सुटायच्या आत दुसरा धरलेला असतो. बाबा होडी अशीच न्यायचे. लाट समोरून छातीवर घ्यायची नाही, थोडी तिरकी घ्यायची, म्हणजे होडी आपटत नाही, चढते आणि उतरते. जुन्या गाड्या मागे घेताना जो किंचाळल्यासारखा उंच सूर निघतो तो सरळ दात्यांमुळेच. रिव्हर्सचे दाते तेवढे सरळ ठेवतात, कारण ते बाजूनं सरकवून एकमेकांत घालायचे असतात आणि गाडी मागे कितीशी जाते. लहानपणापासून ऐकलेला तो सूर म्हणजे सरळ दात्यांचा आवाज आहे हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. एखादी नेहमी दिसणारी व्यक्ती अखेर कोण ते कळावं तसं.

पितळी सिंक्रो रिंगा चाचांनी एकेक करून त्यांच्या सुळक्यावर दाबून बघितल्या, फट मोजली. या रिंगांचं काम समजूत घालण्याचं. वेगवेगळ्या वेगानं फिरणाऱ्या दोघांना एकमेकांत अडकवण्याआधी ती रिंग मध्ये पडते, घासून दोघांचा वेग एक करते आणि मग वाट देते. अमेरिकेत कॅडिलॅकनं १९२८ मध्ये पहिल्यांदा ही सोय गाडीत आणली. आपल्याकडे मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून जोडायला घेतलेल्या विलीज जीपच्या तीन गिअरांच्या पेटीत पहिल्याला ती नव्हतीच. चाचा तरुणपणी जीपवर शिकले. क्लच दाबा, न्यूट्रलला या, क्लच सोडा, इंजिनाचा सूर जुळवा, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर टाका. रिंगेचं काम कानानं करायचं. सूर जुळला तर गिअर लोण्यात सुरी जावी तसा जायचा, नाही जुळला तर दात खायचा. "गाणं येणारा माणूस लवकर शिकायचा," ते म्हणाले, आणि ते खरंच तसं मानतात.

उपनगरांची ही बाजू कोणी लिहून ठेवत नाही याचं मला वाईट वाटतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची प्रीमिअर कंपनी कुर्ल्याला गाड्या बनवायची, कांदिवलीत महिंद्रांचा कारखाना. या दोन टोकांच्या मधल्या गल्ल्यांत हाताला तेल लागलेल्या माणसांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्या काळ्या-पिवळ्या रंगावर लिहिलं. तिचा स्टिअरिंगखालचा गिअर ज्यांना मिटल्या डोळ्यांनी उघडता येत होता, त्या हातांवर कोणी लिहिलं नाही.

नवं बेअरिंग आणायला मी नागदेवी स्ट्रीटला गेलो. चाचांनी बजावलं होतं, जुनं बरोबर ने आणि नंबर वाच. बेअरिंगच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो. त्यातले शेवटचे दोन आकडे पाचानं गुणले की शाफ्टची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. आमचे आकडे शून्य सहा, म्हणजे तीस. हा हिशेब देशोदेशी एकच आहे. पहिल्या दुकानदारानं दिलं त्याच्या कड्यावरचा नंबर नखानं खरवडल्यासारखा फिका होता. मी ते परत ठेवलं. चौथ्या दुकानात हवं ते मिळालं, तेलकट कागदात गुंडाळलेलं.

ते शाफ्टवर चढवायचं काम मी आयुष्यभर विसरणार नाही. बाहेर पाऊस लागला होता. गॅरेजच्या पत्र्यावर त्याचा इतका गोंगाट होता की बोलणं ओरडून करावं लागत होतं. हातोडीनं ठोकून चाचा बेअरिंग चढवत नाहीत. बाहेरच्या कड्यावर एक घाव बसला तरी आतल्या वाटेवर गोळ्यांचे ठसे उमटतात, आणि मग नवंच बेअरिंग घरघर घेऊन जन्माला येतं. त्यांनी स्टोव्हवर पत्र्याची कढई ठेवली, स्वच्छ तेल ओतलं आणि बेअरिंग तारेनं अधांतरी लटकवून त्यात सोडलं, तळाला टेकू न देता. तीस मिलिमीटरचं ते भोक ऐंशी अंशांनी तापलं तर जेमतेम तीन शतांश मिलिमीटरनं मोठं होतं, केसाच्या जाडीहूनही कमी. तेवढं पुरतं. कमी तापलं तर अर्ध्यात अडकतं, जास्त तापलं तर पोलादाचं पाणी उतरतं.

आई स्टुलावर बसून कढईकडे बघत होती. चाचांनी चिमटा पुढे केला.

"अजून नाय," ती म्हणाली.

चाचा थांबले. तेलाचा पृष्ठभाग तोवर स्थिर होता. मग कडेपासून मध्याकडे त्यावर बारीक सुरकुत्या धावू लागल्या, वाऱ्यानं खाडीच्या पाण्यावर याव्यात तशा.

"आता."

बेअरिंग शाफ्टवर ठेवलं तसं ते आपल्या वजनानं खाली गेलं आणि कड्याला टेकून टक् असं वाजलं. त्या पावसाच्या गोंगाटातही तो टक् तिघांनी ऐकला. चाचांनी आईकडे बघून मान हलवली, दोन कारागीर एकमेकांना हलवतात तशी.

बाकीचं दोन दिवसांत झालं. एक सिंक्रो रिंग बदलली, सगळी सीलं नवी. तेल नव्वद नंबरच, पण डब्यावर जीएल-४ बघून. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची भर जास्त असते आणि काही तेलांतली ती भर पितळेला खाते, असं चाचा पोऱ्याला घोकवत होते. आणि ब्रीदरला त्यांनी एक रबरी नळी जोडून ती वर, केबिनच्या भिंतीला, जिथे कधी पाणी पोचणार नाही तिथे नेऊन बांधली. हौद्याच्या पुढच्या कडेला खालून रबराचा एक पडदा ठोकला, बर्फाचं पाणी गिअरबॉक्सवर न पडता बाजूला जावं म्हणून. दुरुस्ती बेअरिंगची झाली, पण खरी दुरुस्ती ही नळी आणि हा पडदा, असं मला वाटतं.

घरी परतताना मी आईला विचारलं, तुला हे कसं ऐकू येतं?

तिनं सरळ उत्तर दिलं नाही. ती बाबांच्या होडीबद्दल बोलायला लागली. एका सिलिंडरचं डिझेल होतं. रात्री चिंबईच्या किनाऱ्यावर सगळ्याच होड्यांची इंजिनं टुकटुकत यायची, पण आमची कुठली ते ती घरात, चुलीपाशी बसून ओळखायची आणि तवा चढवायची. दिवा दिसायच्या कितीतरी आधी. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. मी दोन वर्षांचा असेन. एका रात्री टुकटुक आली, पण मध्येच एक ठोका गळत होता. पुन्हा लागायचा, पुन्हा गळायचा. ती मला शेजारणीकडे टाकून किनाऱ्यावर धावली आणि तिनं दोघा पोरांना दोर घेऊन दुसऱ्या होडीत बसवलं. लोक म्हणाले, आवाज तर येतोय, येईल की. ती म्हणाली, दम घेताय त्यो. ते अर्ध्या वाटेवर पोचले तेव्हा इंजिन बंद पडलं होतं आणि भरतीचं पाणी होडीला खडकांकडे ढकलत होतं. डिझेलमध्ये पाणी शिरलं होतं.

"पानीच," आई म्हणाली. "तवा पन पानीच व्हतं."

बाबा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. घरीच गेले, अंथरुणावर. होडी विकून त्यात भर घालून हा पिकअप घेतला तो त्यांनीच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई त्यांच्या शेजारी या सीटवर बसून धक्क्याला जाऊ लागली, आणि तेव्हापासून ती ऐकतेय. सकाळी सव्वातीनला, बाजूला बसून, गप्प. मला वाटायचं तिला झोप येत असेल.

नारळी पौर्णिमा झाली. पहिल्या फेरीला आम्ही नेहमीच्या वेळी निघालो. मी गाणं लावलं नाही. हिल रोडला तिसरा टाकला आणि तसाच ठेवला, इंजिन थोडं ओढत असतानाही. खालून काही आलं नाही. फक्त डिझेलचा सूर आणि काचेवरून जाणारा वारा. माहीमच्या कॉजवेवर खाडीचा वास आत आला. आईनं पदर कानामागे सारला.

मी थांबलो.

"मागं," ती म्हणाली. "पाटा."

मी वेग कमी केला. पुढे रस्त्याला एक सांधा होता. पुढची चाकं गेली, मागची गेली, आणि हौद्याखाली कुठेतरी, फार हळू, करकर झाली.

"उजवा?"

"डावा."

मी माझ्या बाजूची काच खाली केली आणि पुढच्या सांध्याची वाट बघत गाडी हळू घेतली. पुन्हा करकर. डावाच होता.